दोनशे शहाऐंशी घोडे आणि तळेगाव–चाकण रस्ता

सुदुंबऱ्यात हल्ली 'गाडी घेतली' एवढ्यावर भागत नाही. पारावर लगेच पुढचा प्रश्न येतो, 'किती बीएचपी?' संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीचं हे गाव वारकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आता एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमुळे ते पेपरातही येतं. पण आमच्या पोरांच्या रोजच्या जगण्यात ते चाकणच्या एमआयडीसीच्या वाटेवरचं गाव आहे. २००९मध्ये तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमाराला मर्सिडीज आणि महिंद्राही आले. ज्या गाड्या बाकीच्यांनी जाहिरातीत पाहिल्या, त्यांचे बोल्ट आमच्या पोरांनी आवळले. जिच्या दाराला शिफ्टमध्ये हात लावतो ती आपल्या दारात उभी असावी, असं वाटणं साहजिक आहे. त्यात मला काहीच वावगं दिसत नाही.

माझं माहेर सुदुंबरे, राहते तळेगावात, आणि काम वाहन विम्याच्या सर्व्हेअरचं. अपघात झाला, क्लेम आला, की गाडी बघायला मी जाते. दादाचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. वडिलांची जुनी वॅगन आर तो चालवतो, तिची ताकद ६७ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्याला आता एकदम महिंद्राची बीई ६ घ्यायची आहे, चाकणलाच बनणारी. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला २१० किलोवॉट, म्हणजे २८६ हॉर्सपॉवर, आणि शून्यापासून शंभरपर्यंत ६.७ सेकंद. त्याने मला विचारलं, "आत्या, तू एवढ्या गाड्या बघतेस. घेऊ का?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. गाडी चांगली आहे यात शंका नाही आणि तक्रार त्या गाडीबद्दल नाहीच. तिच्या जागी दुसरी कुठलीही दोनशेच्या वरची गाडी असती तरी मी हेच बोलले असते.

१. नाही म्हणायची जागा फक्त घरात उरते

अठरा वर्षं पूर्ण झाली, शिकाऊ परवान्याचे तीस दिवस उलटले, चाचणी पास झाली, की हातात एलएमव्हीचा, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा, परवाना येतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात त्याला मर्यादा आहे ती वजनाची, साडेसात हजार किलोंची. ताकदीला मर्यादा नाही. ज्या परवान्यावर ४७ हॉर्सपॉवरची अल्टो चालते, त्याच परवान्यावर त्याच दिवशी पाचशे हॉर्सपॉवरची गाडी रस्त्यावर काढली तरी कायद्याची हरकत नाही. आणि ती चाचणी कशाची? इंग्रजी आठचा आकडा काढायचा, गाडी मागे घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. तिथे तिसरा गिअर टाकायची वेळच येत नाही.

इटलीत असं नाही. तिथे डिसेंबर २०२४पासूनच्या नियमाप्रमाणे नव्या परवानाधारकाला पहिली तीन वर्षं १०५ किलोवॉटच्या वरची कार चालवता येत नाही, शिवाय वजनाच्या दर टनामागे ७५ किलोवॉटची वेगळी मर्यादा आहे. भाच्याच्या मनातली गाडी त्या १०५च्या बरोबर दुप्पट आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत गाडीवर 'पी' अक्षराची पाटी लावून फिरणाऱ्या नवख्यांना टनामागे १३० किलोवॉटच्या वरच्या गाड्या बंद आहेत. इंग्लंडात विमाच अडवतो. विशीतल्या मुलाने दमदार गाडीचा हप्ता विचारला की आकडा ऐकूनच बेत बदलतो.

आपल्याकडे विमासुद्धा अडवत नाही. २०२२च्या थर्ड पार्टी दरांत पेट्रोल-डिझेल कारला हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ असे टप्पे ठरले. इलेक्ट्रिक कारला ६५ किलोवॉटच्या वर सरसकट ६,७१२, मग ती सत्तरची असो की दोनशे दहाची. चालवणारा तेवीसचा की त्रेपन्नचा, यासाठी त्यात रकानाच नाही. बँक पगाराची स्लिप आणि सिबिल बघते. शोरूमला महिन्याचं टार्गेट असतं. म्हणजे या पोराच्या हाताला ही गाडी झेपेल का, हा प्रश्न सगळ्या साखळीत कुणाच्याही टेबलावर येत नाही.

म्हणून तो आई-बापांनी, काका-मामांनी, आत्या-मावश्यांनी विचारायचा. विचारताना 'आमच्या वेळी सायकल नव्हती' हे सुरू करू नये. पोरगं त्या वाक्यालाच उठून जातं.

२. ताकद वाढली की इशारे कमी होतात

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि शोरूममध्ये हेच कुणी बोलत नाही.

वॅगन आर शंभराला नेऊन बघा. स्टेअरिंग हाताला थरथर लावतं, खिडकीच्या रबरातून वारा शिटी मारतो, इंजिन ओरडतं, शेजारून बस गेली की गाडी अंगभर हलते. शेजारी बसलेली आई आपोआप म्हणते, "हळू रे." नवख्या चालकाला वेग कळतो तो या सगळ्यांतून. काट्याकडे बघून नव्हे.

दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीत हे सगळं काढून टाकलेलं असतं. चांगली गाडी बनवायची म्हणजे तेच तर करायचं असतं. काचा जाड, सस्पेन्शन मऊ, टायर रुंद. इलेक्ट्रिक असेल तर इंजिनाचा आवाजही नाही आणि गिअर बदलल्याचा धक्काही नाही. एकशे वीसला ती गाडी जितकी शांत असते तितकी वॅगन आर साठलाही नसते. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला या शांततेत कसं वागायचं ते ठाऊक असतं, कारण बाहेरची झाडं किती वेगाने मागे जातायत हे त्याच्या डोळ्यांनी कधीच शिकून ठेवलेलं असतं. तेवीसच्या मुलाचे डोळे अजून शिकत असतात. त्याच्याकडून इंजिनाचा आवाज काढून घेतला तर त्याच्या हाती उरतो एक आकडा, तोही खाली मान घालून बघायचा.

आता वेगाचा हिशेब. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ६०ला तेवढ्यात गाडी २५ मीटर जाते आणि चांगल्या कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर घेते. एकूण ४५. ताशी १२०ला तीच बेरीज १३० मीटरच्या घरात जाते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं. ब्रेक कितीही भारी असला तरी हे गणित सुटत नाही, आणि हॉर्सपॉवरचा यात काडीचा संबंध नाही. पावसात तर विचारूच नका, आणि मावळात पाऊस चार महिने असतो.

३. जोर आहे, पण लावायचा कुठे?

दादाच्या घरापासून भाच्याच्या कंपनीपर्यंत तळेगाव–चाकण हमरस्ता आहे. इंदोरी, सुदुंबरे, सुदवडी, खालुंब्रे, म्हाळुंगे. कडेला कंटेनर उभे, शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, मधून दुचाकीवर तिघं. तुकाराम बीज असो की कार्तिकी, देहू-आळंदीच्या वाटेला पहाटे अंधारात चालणारे वारकरी. आणि थंडीत ऊस. कासारसाई-दारुंब्र्याच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. कुणी रिफ्लेक्टर लावलेला असतो, कुणी नसतो.

अशाच एका ट्रॉलीखाली गेलेली दणकट एसयूव्ही मी पाहिली आहे. बॉनेट ट्रॉलीच्या मागच्या आसापर्यंत आत शिरलं होतं, डाव्या बाजूचा खांब काचेसकट मागे वाकला होता, आणि डॅशबोर्डवर उसाच्या कांड्या पडल्या होत्या, साल निघालेल्या. चालवणारा मुलगा वाचला, पण त्याच्या पायात आता रॉड आहे. तो सांगत होता, "फार नव्हतो मॅडम, ऐंशीच्या आसपास असेन." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लो बीमचा उजेड साधारण पन्नास मीटर पडतो. ऐंशीच्या वेगाला पूर्ण थांबायला जवळजवळ सत्तर मीटर लागतात. म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली दिसली तेव्हाच गोष्ट संपलेली होती. ट्रॉलीवाल्याची चूक शंभर टक्के. पण पाय त्या मुलाचा मोडला.

"आपल्या गाडीला पिकअप आहे, ओव्हरटेक पटकन होतो," हे वाक्य मी क्लेमच्या जबाबांत सारखं ऐकते. त्यात तथ्य आहे हेही सांगते. कमी ताकदीच्या गाडीने ट्रेलर ओलांडायला दहा सेकंद लागत असतील तर या गाडीला सहा पुरतील, आणि तेवढा वेळ उलट्या बाजूला कमी राहणं केव्हाही चांगलं. पण होतं काय, की पोरं ते वाचलेले चार सेकंद शिल्लक ठेवत नाहीत. वॅगन आरमध्ये ज्या फटीत घुसायची हिंमत झाली नसती तिथे आता घुसतात. सहा सेकंदांत समोरचा ट्रक साठच्या वेगाने शंभर मीटर पुढे आलेला असतो.

मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर तर मोकळं रान आहे ना, असं भाचा म्हणाला. उर्से टोलनाका आपल्याला जवळ. तिथेही कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि आता जागोजागी कॅमेरे लागलेत. शंभराला वॅगन आरही जाते.

डिसेंबर २०१२मध्ये याच एक्स्प्रेसवेवर, आपल्या मावळात, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. पलीकडचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला. आपण नीट चालवत असतानाही रस्ता काय करू शकतो हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आपल्या हातात जेवढं आहे तेवढं तरी पक्कं धरावं, एवढंच माझं म्हणणं.

४. पाच तारे चौसष्टच्या वेगाचे आहेत

"आत्या, फाइव्ह स्टार आहे ती." हो, आहे, आणि त्याचं मला मोल वाटतं. तारे आल्यापासून आपल्या गाड्यांचे सांगाडे खरंच सुधारले. पण तारे देताना समोरून आदळवायची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, कडेची ५०ला. गाडी एकशे दहाला असेल तर धडकेतली ऊर्जा चौसष्टच्या जवळजवळ तिप्पट होते. त्या वेगाला किती तारे, याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

वजनाचंही तेच. अल्टो साडेसातशे किलोच्या आसपास, या मोठ्या गाड्या दोन टनांच्या घरात. आतल्या माणसाला ते वजन वाचवतं. समोर लुनावर दूध घालायला निघालेल्या माणसाचं काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

५. पट्टा

अपघातग्रस्त गाडीत मी पहिल्यांदा पट्टे ओढून बघते. धडकेत पट्टा आवळणारी यंत्रणा उडते आणि पट्टा जिथे असेल तिथे अडकतो. बाहेर ओढलेल्या अवस्थेत अडकला तर माणसाने लावला होता. गुंडाळलेल्या अवस्थेत अडकला तर लावला नव्हता. जबाबात काहीही लिहिलेलं असो.

मागच्या सीटचे पट्टे मला जवळजवळ नेहमी गुंडाळलेले सापडतात. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ती गाडी भक्कमातली भक्कम होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघंही वाचले नाहीत. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारी ती बीप बंद करायची क्लिप भाच्याच्या गाडीत दिसली असती तर पुढची चर्चा मी केलीच नसती. नव्हती.

६. रस्त्याला टेकतात ते फक्त टायर

गाडी कितीही घोड्यांची असो, जमिनीशी तिचा संबंध चार टायरांपुरताच, आणि प्रत्येकाचा तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. वेग घ्यायचा, वळायचं, थांबायचं, सगळं तेवढ्यावर.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पोरांना हे दाखवलं की लगेच आपल्या गाडीपाशी जाऊन वाकून बघतात. सेकंडहँड घेतलेल्या दमदार सेडानमध्ये मला सारखा एक प्रकार दिसतो: पुढचे दोन टायर नवे, मागचे सहा-सात वर्षांचे, रबर कडक झालेलं, खाचांच्या तळाशी बारीक भेगा. कारण साधं असतं. गाडी हौसेने घेतली, पण अठरा-एकोणीस इंची टायर एकेक पंधरा-वीस हजारांना पडतो, मग जोडीच बदलली. अशी गाडी पावसात लोणावळ्याच्या वळणावर मागून सरकते, आणि मागून सरकणारी गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं. घसरती गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा मदत करते, पण पकड असेल तरच. नसलेली पकड ती आणणार कुठून?

ज्याला चार टायर एकदम बदलणं परवडत नाही, त्याला ती गाडी परवडत नाही. मी इतकं स्पष्ट बोलते याचं दादाला वाईट वाटलं, पण ते खरं आहे.

७. बोलत चालवून बघ

भाच्याला म्हटलं, संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला मला इंदोरीपर्यंत ने, आणि जे दिसतंय ते मोठ्याने बोलत चालव. चालवायला शिकवणारे जुने लोक ही रीत वापरतात.

पोरगं हुशार. "समोर ट्रेलर, डावीकडे पल्सर, पुढे बस थांबलीय, मागे इनोव्हा हॉर्न देतोय." सगळं बरोबर. बस ओलांडायला त्याने गाडी थोडी उजवीकडे घेतली. मी म्हटलं, "बसखाली बघ." चाकांच्या मधून पलीकडच्या बाजूला चपलांचे दोन पाय चालताना दिसत होते, बसच्या पुढच्या टोकाकडे. त्याने पाय उचलला. बसच्या नाकाडासमोरून डबा घेतलेली एक बाई रस्त्यावर आली, आमच्याकडे न बघता. आम्ही थांबलो होतो.

त्यानंतर तो आपण होऊन बघायला लागला. उभ्या रिक्षाच्या आरशात चालक दिसतोय का, म्हणजे दार उघडेल. ट्रेलरचं पुढचं चाक कुठे वळलंय. रस्त्याकडेच्या धाब्यावरून निघणाऱ्या बाइकवाल्याने मान वळवली का. परत येताना तो कमी बोलत होता, पण ब्रेकही कमी लावत होता, कारण पाय आधीच उचललेला असायचा.

ही नजर यायला गाडी मोठी लागत नाही. उलट छोट्या गाडीत ती लवकर येते, कारण तिथे चूक झाली तर ती कमी वेगात होते आणि शिकायला माणूस शिल्लक राहतो. माझ्या मते वय हा मुद्दाच नाही. ही नजर आली की नाही, एवढंच बघायचं. मला तिशी उलटलेली माणसं भेटतात जी अजून फक्त पुढच्या गाडीचा नंबर बघून चालवतात, आणि एकविशीचा एक टेम्पोचालक माहीत आहे ज्याच्या शेजारी मी निर्धास्त झोपते.

८. गाडीत कोण बसणार?

बरोबरीची मुलं गाडीत असली की तरुण चालकाचा धोका वाढतो, हे परदेशातल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर नव्या परवान्यावर मित्र बसवण्यावरच बंधन असतं. आपल्याकडे अभ्यासाची गरज नाही, शनिवारी रात्री लोणावळ्याचा रस्ता बघावा. एकटा असताना हे पोरगं सत्तरने जातं. मागे तिघं बसले आणि एकाने मोबाइल काढला, की तेच पोरगं वेगळं होतं.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकानखाली दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवणारा सतरा वर्षांचा. गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती, १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. पुढे तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, जामीन, रक्ताचे नमुने हे सगळं महाराष्ट्राने बघितलं. सगळे बोलले ते निबंधावर. मला मात्र त्याच्या आधीचा क्षण डोळ्यांपुढे येतो, घरातून किल्ली हातात दिली गेली तो. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक आणि गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आमच्या गावात नववी-दहावीची मुलं वडिलांची स्कॉर्पिओ शेतावर नेतात. 'आपल्याच रानात तर चालवतो' म्हणतात. रानातून घरी यायला रस्ता ओलांडावाच लागतो.

९. पैशाचं बोलून घ्या

वीस लाखांचं कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के: हप्ता महिन्याला ३२,७०० रुपयांच्या आसपास, एकूण फेड साडेसत्तावीस लाखांच्या जवळ. विम्यासाठी गाडीची किंमत मात्र पाचव्या वर्षी निम्म्यावर आलेली असते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर बंपरसारखे प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांची अर्धी किंमत खिशातून जाते. एका मध्यम धडकेत उडालेल्या एअरबॅगांचं बिल बघून मोठमोठी माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसलेली आहेत.

आणि ट्यूनिंग. इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून वीस-तीस घोडे वाढवून देणारे हल्ली सगळीकडे आहेत. विमा कंपनीला न कळवता गाडीत असा बदल केला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. दारू पिऊन चालवली, शर्यत लावली, तरी नाकारला जातो.

दादासारख्या बापांना वेगळं सांगायचं आहे. एमआयडीसीत जमीन गेली, पैसे आले, मुलाने आयुष्यभर शेतात राबू नये म्हणून त्याला काहीतरी मोठं द्यावंसं वाटतं. ते प्रेम मी जवळून बघितलं आहे, त्याला नावं ठेवणाऱ्या शहरी लोकांचा मला राग येतो. पण जमीन परत येत नाही आणि गाडी रोज उतरते. द्यायचंच असेल तर मुलाच्या नावावर काहीतरी वाढणारं द्या. गाडी त्याच्या पगारातून येऊ दे. स्वतःच्या हप्त्याची गाडी माणूस वेगळी चालवतो, हे मी खात्रीने सांगते.

१०. मग कधी घ्यायची?

भाच्याला मी कायमचं नाही म्हटलेलं नाही. मधली पायरी घे, म्हटलं. शंभर ते सव्वाशे हॉर्सपॉवर, सहा एअरबॅग, ईएससी, चांगले टायर. दोन वर्षं जुनी चालेल. तिच्यावर एक पूर्ण पावसाळा काढ, बोरघाट चढ-उतार कर, उतारावर ब्रेक दाबत न बसता खालच्या गिअरवर यायला शीक, धुक्यात खंडाळ्याला जाऊन ये. भोसरीला सीआयआरटीच्या आवारात चालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथे परवाना असलेल्यांनीही जाऊन शिकायला काही हरकत नाही. वर्ष-दीड वर्षाने तुला तुझी ती गाडी हवीच असेल, आणि बसखालचे पाय न सांगता दिसत असतील, तर टेस्ट ड्राइव्हला मी येते.

टेस्ट ड्राइव्हही शोरूमवाला नेतो त्या रिकाम्या चौपदरी रस्त्यावर घ्यायची नाही. सकाळी सातला, शिफ्टच्या वेळी, सुदुंबरे फाटा ते म्हाळुंगे. ड्राइव्ह मोड नेहमीचा, स्पोर्ट नाही. मागच्या सीटवर आईला बसवायचं, पट्टा लावून. गाडी परत केली की किल्ली देण्याआधी सेल्समनकडून तीन आकडे लिहून घ्यायचे: चार टायरांचा सेट केवढ्याला, समोरच्या दोन एअरबॅग केवढ्याला, आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी केवढ्याला.

तो मधली पायरी घ्यायला तयार झाला आहे. दादाला रंग पांढरा हवा, पोराला लाल, त्यावर अजून घरात बोलणी चालू आहेत.